बोटीवर हवेचा पंप चालवायचाय, बॅटरी मोठी घेऊ का?

नावात_काय (धागाकर्ता) · शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचून जातो, आज पहिल्यांदाच धागा काढून राहिलो. चूकभूल द्यावी घ्यावी.

माझ्या मेहुण्याकडे एका तलावावर बोटिंगचा ठेका आहे. नागपूरहून दीड तासावर. तलावाचं नाव सांगत नाही, पण कागदपत्रं नीट आहेत, त्यामुळे ती चौकशी नको. अठरा फुटी फायबरची बोट, ४० हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगलेलं इंजिन), सेल्फसाठी (चावीनं इंजिन चालू करायला) १२ व्होल्टची ६० एएच (अँपिअर-तास, साठ्याचं माप) बॅटरी. यंदा त्यानं बोटीमागे ओढायची फुगवायची खेळणी आणली: सहा जणांची बनाना बोट, दोन गोल ट्यूब आणि पोरांसाठी एक तरंगती चटई.

अडचण अशी की धक्क्यावर लाइट नाही. आणि धक्क्यावरच फुगवून न्यायची म्हटली तर खेळायची जागा दीड किलोमीटर दूर, मधे वारा सुटला की ट्यूब पतंगासारखी उडते. म्हणून तिथं पोचून बोटीवरच फुगवायची असं ठरलं.

आतापर्यंतचे उद्योग:

पहिला, गाडीच्या टायरचा छोटा कॉम्प्रेसर. डब्यावर १५० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लिहिलेलं, मला वाटलं बापरे, बनाना फुटेल. पंचवीस मिनिटांनी बनाना बोट वाळक्या केळ्यासारखी पडून होती आणि कॉम्प्रेसरला हात लावता येत नव्हता.

दुसरा, घरचा धूळ उडवायचा ब्लोअर, ६०० वॅटचा. गाडीचा इन्व्हर्टर (बॅटरीच्या १२ व्होल्टचे घरचे २३० करणारा) घेतला, बॅटरीपासून पाच मीटर घरगुती अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढली. ब्लोअरचं बटण दाबलं की इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद. वायर गरम.

तिसरा, इन्व्हर्टर उचलून थेट बॅटरीजवळ नेला, मगरीच्या चिमट्यांनी जोडला. चालला! दोन मिनिटांत ट्यूब टम्म. मग उत्साहाच्या भरात बनाना, चटई, दुसरी ट्यूब, आणि शिवाय गाणी. संध्याकाळी इंजिनाची चावी फिरवली, तर नुसतं टक्. तलावाच्या मधोमध. मेहुण्यानं दोरी ओढून ओढून इंजिन चालू केलं, पण त्या झटापटीत त्याचा चष्मा पाण्यात गेला. बहिणीनं मला फोन करून जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

तर प्रश्न: १५० एएचची घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी बोटीवर टाकावी का? पडून आहे एक.

---

पोट्टा_कामठीचा · शनिवार, रात्री ९.५८

बाप्पा, ते बॅटरी साठेक किलोची असते न. म्हंजे एक गिऱ्हाईक कमी. ते काऊन बसवून राहिला तू बोटीवर?

अवांतर: चष्म्याचा नंबर किती होता? म्हंजे मासोळ्याईले कामी येते का पाहू.

---

साधा_वाचक · शनिवार, रात्री १०.१५

पायाने दाबायचा पंप मिळतो. वीज नको, बॅटरी नको. एवढा गाजावाजा कशाला?

---

पोट्टा_कामठीचा · शनिवार, रात्री १०.१७

पुण्याहून दिसता दादा. मे महिन्यात आमच्या इकडं दुपारी बारा वाजता पायपंप मारून दाखवा, मी तुम्हाले संत्रा बर्फी देतो.

---

अँपिअरकाका · शनिवार, रात्री ११.०५

धागाकर्ता, तुमचे तिन्ही प्रयोग एकमेकांना जोडून पाहिले तर उत्तर त्यातच आहे. मी छत्तीस वर्षं वायरी ओढण्यात घालवली, त्यामुळे थोडं लांबण लावतो. कंटाळा आला तर पुढचा प्रतिसाद वाचा.

आधी हवा किती लागते ते बघू. बनाना बोटीचं मधलं नळकांडं पाच मीटर लांब आणि अर्धा मीटर व्यासाचं धरलं तर जवळजवळ ९८० लिटर. बाजूचे दोन पाय साडेचार मीटर लांब, ३५ सेंटिमीटर व्यासाचे, ते मिळून साधारण ८७० लिटर. म्हणजे १,८५० लिटर हवा. टायरचा छोटा कॉम्प्रेसर मिनिटाला तीस-पस्तीस लिटर देतो. भागाकार करा: त्रेपन्न मिनिटं, तीही तो मधे जळला नाही तर. त्याची १५० पीएसआयची बढाई इथं काही कामाची नाही. ओढायच्या खेळण्याला दीड-दोन पीएसआय दाब पुरतो, कमी दाबाची पण भरपूर हवा हवी. टायरचा पंप म्हणजे सुईनं टाकी भरणं.

आता बॅटरीकडे. तुम्हाला वाटतं बॅटरी कमी पडली. १,८५० लिटर हवा दीड पीएसआयपर्यंत नेण्याचं निव्वळ काम पाच वॅट-तासाच्या वर जात नाही. पंपाची कार्यक्षमता वाईट धरून, १२ व्होल्टचा, १३० वॅटचा पंप दहा मिनिटं चालला तरी बावीस वॅट-तास. तुमच्या ६० एएच बॅटरीत सातशेच्या वर आहेत. म्हणजे साठा हा प्रश्नच नाही.

मग घोडं कुठं अडलं? करंटवर. ६०० वॅटचा ब्लोअर, इन्व्हर्टरमध्ये थोडं वाया जाणार ते धरून, १२ व्होल्टवर साठ अँपिअर खेचतो. सुरू होताना त्याहून जास्त. अडीच स्क्वेअरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ७.४ मिलिओहम रोध असतो. पाच मीटर जायचे, पाच यायचे, दहा मीटर. ७४ मिलिओहम गुणिले ६०, म्हणजे ४.४ व्होल्ट वायरीतच खर्च. इन्व्हर्टरला आठ व्होल्टही मिळाले नसतील, तो टीं-टीं नाही करणार तर काय. घरात २३० व्होल्टवर चार व्होल्ट गेले तर कुणाला कळतही नाही. बारात चार गेले की संपलं. आणि ते ४.४ व्होल्ट गुणिले ६० अँपिअर, म्हणजे अडीचशेच्या वर वॅट तुमच्या वायरीत शेगडीसारखे जळत होते. गरम लागली म्हणता, नशीब इन्सुलेशन वितळलं नाही.

तिसऱ्या वेळी वायर आखूड झाली, म्हणून चाललं. पण सेल्फची बॅटरी ही क्षणभर जोर लावून परत चार्ज व्हायची बॅटरी. तिला अर्धा तास साठ अँपिअरवर पिळलं, वर गाणी. इंजिन चालू असलं तरी अशा आउटबोर्डचं चार्जिंग साठच्या जवळपासही जात नाही, आणि रिकाम्या गतीवर तर फारच थोडं.

आता रागवतो. पेट्रोलच्या बोटीत मगरीचे चिमटे लावता? चिमटा लावताना ठिणगी पडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी बसून राहते, नाकाला कळेलच असं नाही. चष्मा गेला यावर भागलं म्हणून देवाला नारळ फोडा.

---

नावात_काय · शनिवार, रात्री ११.३०

काका, पेट्रोलची टाकी बॅटरीच्या शेजारीच आहे. आता अंगावर काटा आला.

म्हणजे जाड वायर टाकू? १६ स्क्वेअरची?

---

धरमपेठी · रविवार, सकाळी ८.१२

माझा प्रश्न बाळबोध असेल. छोटं पेट्रोल जनरेटर मिळतं ना, लग्नात आइस्क्रीमवाले आणतात तसं. ते बोटीवर ठेवून घरचाच ब्लोअर चालवला तर?

---

अँपिअरकाका · रविवार, सकाळी ८.४०

ताई, प्रश्न बाळबोध नाही. चालेल, पण बोटीवर नको. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, वास नाही, रंग नाही. वारा पडला की तो छताखाली आणि बोटीच्या कडेला, नेमका पोरं पाण्यात पोहत असतात त्या उंचीला साचतो. शिवाय गरम जनरेटरमध्ये हलत्या बोटीवर पेट्रोल ओतणं. धक्क्यावर, उघड्यावर ठेवलं तर हरकत नाही.

---

खाऱ्या_पाण्याचा · रविवार, दुपारी १.२०

मालवणहून नमस्कार. सात वर्षं वॉटर स्पोर्ट्सच्या बोटींवर होतो, आता कामानिमित्त नागपुरात, बेसा रोडला. समुद्र नाही म्हणून जीव तुटतो, त्यामुळे हा धागा बघून बरं वाटलं.

काकांचं गणित बरोबर. मी फक्त हातातल्या गोष्टी सांगतो.

इन्व्हर्टर आणि २३० व्होल्ट बोटीवरून काढूनच टाका. ओले हात, ओली फरशी, ओली पोरं. १२ व्होल्टचा जास्त हवेचा पंप मिळतो, दहा-बारा अँपिअरचा. घेताना पीएसआय बघू नका, मिनिटाला किती लिटर ते बघा. चारशे-पाचशेचा असेल तर बनाना आठ-दहा मिनिटांत होते. डब्यावर 'इतकी मिनिटं चालू, इतकी बंद' असं लिहिलेलं असतं, ते छपाईची हौस म्हणून लिहिलेलं नसतं. पंपाची मोटर गार होण्याआधी दुसरं खेळणं लावलं की महिन्यात पंप जातो.

तो पंप लायटरच्या सॉकेटवर लावू नका. सॉकेटचा फ्यूज बहुतेक दहा ते पंधरा अँपिअरचा, आणि आतली स्प्रिंग ढिली. बारा अँपिअर सतत गेले की प्लग वितळून सॉकेटला चिकटतो. मी स्क्रूड्रायव्हरनं उपसून काढलेत तसले.

दुसरं, धक्क्यावरच ऐंशी टक्के भरा. पूर्ण टम्म नसलेली ट्यूब दुमडून, वर जाळी टाकून बांधता येते, उडत नाही. बोटीवर फक्त शेवटचा दाब द्यायचा, दोन मिनिटांचं काम.

पायपंपवाल्या दादांना हसू नका. आमच्या बोटीवर एक हातपंप कायम असायचा. बॅटरी दगा देते, हात देत नाही.

---

साधा_वाचक · रविवार, दुपारी १.३१

धन्यवाद. संत्रा बर्फी कुरिअरने पाठवावी.

---

नावात_काय · रविवार, रात्री ९.०५

मालवणकर दादा, लाख मोलाचं. मग सेल्फच्या बॅटरीवरूनच जाड वायर ओढून १२ व्होल्टचा पंप चालवू?

---

अँपिअरकाका · रविवार, रात्री ९.५०

चालेल, पण मी नाही करणार. ज्या बॅटरीनं घरी परत आणायचं तिच्यावर खेळ नको.

वेगळी छोटी बॅटरी घ्या आणि पंपाच्या शेजारी ठेवा. यूपीएसला लागते तसली बंद, मेंटेनन्स-फ्री १२ व्होल्ट २६ एएच, आठ-नऊ किलोची. तुमच्या मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर हेच: मोठी नको, जवळची हवी. ट्यूब्युलर तर मुळीच नको, तिच्यात पातळ ॲसिड असतं, लाटेला कलंडली की पोरांचे पाय भाजतील.

जवळ असली की वायर दीड मीटर. चार स्क्वेअरची लवचीक तांब्याची वायर, जाऊन-येऊन तीन मीटर, बारा अँपिअरला पाव व्होल्टही जात नाही. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात २० अँपिअरचा फ्यूज. लक्षात घ्या, फ्यूज वायरीला वाचवायला असतो, पंपाला नाही. म्हणून तो बॅटरीकडे, पंपाकडे नाही. घरच्या डीबीतला (फ्यूजबोर्डातला) एमसीबी (आपोआप पडणारं बटण) काढून लावू नका, तो एसीचा, म्हणजे घरच्या विजेचा. डीसीची, म्हणजे बॅटरीच्या विजेची, ठिणगी लांबते, लवकर विझत नाही. गाडीत लागतो तो पात्याचा फ्यूज चांगला.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीही चालेल. २५ एएचची तीनेक किलोत येते, हलकी, पण महाग. दोन अटी: आतलं संरक्षक सर्किट किती अँपिअर सोडतं ते वाचून घ्या आणि चार्जर तिचाच वापरा. शिवाय बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका म्हणतात. आपल्याकडे मे महिन्यात टपरीच्या पत्र्याखाली काय तापमान असतं ते मी सांगायला नको. रात्री घरी चार्ज करा. आणि लिथियम व जुनी लेड बॅटरी थेट समांतर जोडू नका, कुणी कितीही सांगो.

---

धरमपेठी · रविवार, रात्री १०.२०

आमच्याकडे घरच्या गच्चीवर मुलांचा फुगवायचा टब होता. सकाळी छान भरला, दुपारी शिवण उसवून फुस्स. दुकानदार म्हणाला, जास्त भरलात. पण आम्ही तर थोडा मऊच ठेवला होता.

---

अँपिअरकाका · सोमवार, सकाळी ७.१५

ताई, तुम्ही जास्त भरला नव्हता, ऊन भरलं. अकरावीचं भौतिकशास्त्र आठवा: बंद जागेतली हवा तापली की दाब केल्विनच्या प्रमाणात वाढतो. सकाळी ३० अंश, म्हणजे ३०३ केल्विन. दुपारी प्लास्टिक ५५ अंश, म्हणजे ३२८. वाढ आठ टक्क्यांच्या आसपास. आठ टक्के म्हणजे काहीच नाही वाटतं, पण ही वाढ मीटरवरच्या दाबावर होत नाही, वातावरणासकट एकूण दाबावर होते. साधारण साडेपंधरा पीएसआयच्या आठ टक्के, म्हणजे सव्वा पीएसआय. दीडवर भरलेलं खेळणं पावणेतीनला जातं. प्लास्टिक ताणतं म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण शिवण उसवायला तेवढं पुरतं.

---

खाऱ्या_पाण्याचा · सोमवार, सकाळी ९.००

आणि बोटीवर याचं उलटं होऊन लोक फसतात. उन्हात भरलेली ट्यूब गार पाण्यात टाकली की सैल पडते. गिऱ्हाईक म्हणतं, दादा हवा कमी आहे. पोऱ्या अजून मारतो. दुपारी ती वर काढून डेकवर ठेवली की फटाका. नियम सोपा: पाण्यात टाकून पाच मिनिटं थांबा, मग हवा पुरी करा. वर काढली की लगेच थोडी सोडा. आणि दुपारी सावलीत ठेवा, निदान ओली चादर टाका.

---

पोट्टा_कामठीचा · सोमवार, सकाळी ९.१०

वाखु (वाचनखूण) साठवली. माह्याकडे बोट नाही, तलाव नाही, ट्यूब नाही. तरी साठवली.

---

वाटसरू_भंडारा · सोमवार, दुपारी ४.४४

एक राहिलंच. ही खेळणी म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे. ट्यूबवर बसलेल्या प्रत्येकाला जॅकेट, ओढताना बोटीत मागं तोंड करून बघणारा एक माणूस. ठेका असला तरी २०२१चा अंतर्देशीय जलयान कायदा (१९१७च्या जुन्याच्या जागी आलेला) एकदा वाचून घ्या, बोटीची नोंदणी आणि तपासणी त्यात येते. बाकी चालू द्या.

---

नावात_काय · तीन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ८.३०

मंडळी, खबर द्यायला आलो.

२६ एएचची बंद बॅटरी घेतली. मेहुण्याकडे कडी तुटलेला प्लास्टिकचा आइसबॉक्स पडून होता, त्यात बसवली. झाकण घट्ट लावणार होतो, पण चार्ज करताना गॅस साचायला नको म्हणून वरच्या बाजूला दोन्हीकडे बोटभर भोकं पाडली. आत खाली रबराची पायपुसणी कापून घातली, बॅटरी पट्ट्यानं आवळली. फ्यूज टर्मिनलला लागूनच. बाहेर ई-रिक्षाला असतो तसला जाड कनेक्टर, उलटा लागतच नाही. पेटी पुढच्या टोकाला, पेट्रोलची टाकी मागं. मधे अख्खी बोट. आणि पंप लावताना आधी कनेक्टर, मग पंपाचं बटण, म्हणजे जोडताना ठिणगी नाही.

वायरीला लग (टोकाची धातूची कडी) मारायला घराजवळच्या ई-रिक्षाच्या मिस्त्रीकडे गेलो. मी पक्कडीनं दाबून आणलेला लग त्यानं दोन बोटांनी ओढला, निघून हातात आला. माझ्याकडे नुसतं बघितलं. मग त्याच्या यंत्रानं दाबला, वर काळी नळी चढवून लायटरनं आवळली, आणि म्हणे, "आता लोंबकाळा." मी खरंच लोंबकाळलो.

आकडे, काकांसाठी. माझा जुना क्लॅम्प मीटर शून्यच दाखवत होता. मिस्त्री हसला, म्हणे हा एसीचा आहे, डीसीवर आंधळा. त्याच्या मीटरनं मोजलं: पंप ११ ते १२ अँपिअर. बॅटरीवर १२.४, पंपाशी १२.१. बनाना धक्क्यावर ऐंशी टक्के, मग पाण्यात टाकून शेवटचं भरणं दोन-अडीच मिनिटं. एका रविवारी चार वेळा भरलं आणि सोडलं, संध्याकाळी बॅटरीत अजून दम होता. इंजिन पहिल्या चावीला.

हातपंपही घेतला. दुसऱ्याच दिवशी लागला, कारण पंप पेटीत ठेवून पेटी घरी राहिली होती.

---

अँपिअरकाका · रविवार, रात्री ९.१५

०.३ व्होल्ट. माझ्या हिशेबापेक्षा थोडं जास्त, कनेक्टर आणि फ्यूजचं असेल. चालतंय. मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा.

---

खाऱ्या_पाण्याचा · रविवार, रात्री ९.२२

सोडताना पंपाच्या ओढायच्या बाजूनं हवा काढता ना? घडी अर्ध्या जागेत बसते. व्हॉल्व्हची गोटी सांभाळा. शंका आली तर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा दिसेल.

---

नावात_काय · रविवार, रात्री ९.४०

काढतो. व्हॉल्व्हही तपासले, एक ट्यूब गळत होती, वॉशर बदललं.

फक्त पंपाच्या नळीचा अडॅप्टर गेल्या आठवड्यात हातातून सुटला. तो तरंगत नाही, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

---

पोट्टा_कामठीचा · रविवार, रात्री ९.४४

चष्म्याच्या बाजूलेच पडला असन. सुतळी बांध न बाप्पा.

---

नावात_काय · रविवार, रात्री ९.५१

बांधली. आता पंप, नवा अडॅप्टर आणि मेहुण्याचा नवा चष्मा, तिघांनाही सुतळी आहे.